तबलीवरच्या फुल्या

मुलांनो, एक करा. मनातल्या मनात एक फळी हातात घ्या. फळी म्हटल्यावर बाकाची फळी आणू नका, ती जड असते. ही इतकी पातळ आहे, की कोपऱ्याला दोन बोटांनी धरली तर आपण काही धरलंय हेच विसरायला होईल. आता ती कानाजवळ न्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तिच्या मध्यावर हलकेच टकटक करा. बंद दारावर करतो तशी नको. आत कुणी आजारी झोपलंय हे माहीत असताना करतो, तशी करा. आला आवाज? नसेल आला तर घाई नाही. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिलाही पहिल्यांदा काही ऐकू आलं नव्हतं.

तिला घरात खुंटी म्हणत. वाद्याची खुंटी पिळल्याशिवाय सूर जागेवर येत नाही आणि हिचा कान पिळल्याशिवाय ही जागेवर येत नाही, असं तिची आई म्हणायची.

घराची पुढची खोली कामाची होती आणि मागची राहायची. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. त्या पडद्यात सरसाचा वास इतका मुरला होता, की कितीही धुतला तरी जात नसे. पुढच्या खोलीत खिडकीखाली बाबांचं लांब टेबल होतं. त्यावर रंधा, पटाश्या, कानशी आणि खेळायच्या पत्त्याएवढी एक पोलादी पाती. ती पाती लाकडावर तिरकी धरून ओढली, की दुधावरून साय निघावी तसा लाकडाचा कीस निघायचा. बाबा तारांची वाद्यं बनवत. पोट, मान, खुंट्या, सगळं हातानं. भिंतीवर दोन वाद्यं टांगलेली होती. ती विकायची नव्हती. ती परत आलेली होती.

त्या वर्षी कोरडा वारा लवकर सुटला आणि थांबायचं नाव घेईना. माणसांचे ओठ फुटले, टाचा फुटल्या, दारांच्या फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी पडल्या. बाबांची ती दोन वाद्यं गिऱ्हाइकांच्या घरी पोचली आणि तिथं उभी चिरली. लोक म्हणाले, लाकूड ओलं होतं. बाबा म्हणाले, वारा कोरडा होता. दोन्ही खरं असेल. पण गिऱ्हाईक काही वाऱ्याकडं भांडायला जात नाही.

काम आटलं. मग शाळेच्या गायनाच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, "एक करून द्या. या वाऱ्यात टिकलं तर शाळेची सगळी तुमच्याकडंच. नाहीतर पुलापलीकडं कारखाना आहेच."

माळ्यावर जुन्या, खडखडीत वाळलेल्या लाकडाची एकच जोडी उरली होती. बाबांनी ती खाली काढली, दोन्ही फळ्या कडेला कड लावून सरसानं जोडल्या आणि त्यातून तबली कापली. तबली म्हणजे वाद्याच्या पोटावरचं झाकण. तार छेडली की थरथरते ती हीच, आवाज येतो तो हिच्यातूनच. जाड राहिली तर वाद्य मुकं, पातळ झाली तर चार दिवसांत बसतं. आता या तबलीच्या जोडीला दुसरं लाकूड नव्हतं. ही बिघडली तर पुढची खोली बंद करून बाबांना फळांची खोकी ठोकायला जावं लागणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

आणि नेमका बाबांचा उजवा अंगठा कामातून गेला होता. फळ्या दाबून धरणाऱ्या शिकंज्याचा स्क्रू आवळताना तो आत सापडला. जखम भरली, पण अंगठा वाकेना. बाबांना रंधा कसाबसा धरता येई, पाती मात्र नाही. पातीला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागतो. शर्टाचं बटणसुद्धा आता आई लावून द्यायची, आणि ती लावत असताना बाबा छताकडं बघत राहायचे.

म्हणून मामाला बोलावलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पुलापलीकडच्या कारखान्यात तबल्या खरवडत होता. तिथून तो नुकताच बाहेर पडला होता.

"काढलं की सोडलंस?" बाबांनी विचारलं.

"सुटलो, दाजी."

"म्हणजे काढलं."

"सुटलो म्हणजे सुटलो."

बाबांना ते 'सुटलो' आवडलं नाही. माणूस काहीतरी गिळतोय असं त्यांना वाटलं. पण हात हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तबली उलटी टेबलावर ठेवली, म्हणजे जी बाजू पोटाच्या आत जाणार ती वर. बोटानं टकटक करत, कान खाली नेत, ते इंचाइंचानं पुढं सरकले. कुठं आवाज दबला, की तिथं पेन्सिलीनं एक फुली मारली. थोड्या वेळात तबलीवर ठिकठिकाणी फुल्या उमटल्या.

"खुणा कळतात ना?" त्यांनी विचारलं.

"दाजी, दुसरं काय केलं इतकी वर्षं?" मामा म्हणाला.

"मग कर. मी संध्याकाळी बघतो."

बाबा बाहेर निघून गेले. आपल्या लाकडावर दुसऱ्याचा हात चाललेला त्यांना बघवत नसे. कुणाच्या तारा बदलायच्या, कुणाची खुंटी घट्ट करायची, अशी बारीक कामं शोधत ते गावभर हिंडले.

संध्याकाळी परतल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी तबली उचलली. तिच्यावर सगळ्या फुल्या जशाच्या तशा होत्या. टेबलाखाली मात्र किसाचा ढीग पडला होता.

"खुणा तशाच आहेत," बाबा म्हणाले.

"हो," मामा पाती पुसत म्हणाला. "तशाच ठेवल्यात. एकीलाही धक्का नाही लावला."

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. मामाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळं बाबांना ते जास्तच झोंबलं. माणूस तोंडावर सांगतोय, तुमच्या खुणांना मी धक्काही लावत नाही. पडद्याआडून आई बघत होती. तिच्या भावाला तिच्या देखत काय बोलायचं? बाबा गप्प जेवले. एरवी आमटी खारट झाली तरी त्यावर एखादा विनोद करणारा माणूस, पण त्या दिवशी जास्त मीठ आहे की नाही हेही बोलला नाही.

सकाळी त्यांनी पुन्हा टकटक केली आणि त्याच फुल्या दाबून दाबून गिरवल्या. इतक्या काळ्या, की आंधळ्यालाही हाताला लागाव्यात. दोन नव्या मारल्या.

"आता दिसतील," ते म्हणाले.

"कालही दिसत होत्या," मामा म्हणाला.

बाबा बाहेर पडले. समोर कुलूपवाल्याची टपरी होती. हा माणूस लोकांची अडकलेली कुलपं उघडून द्यायचा, त्यामुळं कुणाच्या दाराला कसलं कुलूप आहे हे त्याला पाठ होतं, आणि दारामागं काय चालतं हेही बरंचसं.

"मेहुण्याच्या हाती कारभार दिला म्हणायचा," तो किल्ली घासता घासता म्हणाला.

"हात त्याचे. कारभार माझाच आहे."

"ते बरंय. मी आपलं विचारलं. आल्यापासून दोन्ही संध्याकाळी पुलावरून जाताना दिसले, म्हणून."

"कोण?"

"मी कुलपं उघडतो, तोंड उघडत नाही," कुलूपवाला म्हणाला, आणि लगेच उघडलं. "तुमचे मेहुणे. कारखान्याच्या मागच्या फाटकाशी उभे असतात. आतला माणूस येतो, काहीतरी बोलणं होतं. आता काय बोलतात ते मला काय माहीत? आपल्याला काय करायचंय?"

किल्ली घासून झाली होती, तरी तो घासत होता. बाबा पुढं गेले. त्या दिवशी एका घरी त्यांनी तार उलटी चढवली आणि पुन्हा सगळी सोडून बसवावी लागली.

संध्याकाळी काळ्या फुल्या काळ्याच होत्या. त्यांच्या भोवतीचं लाकूड मात्र आणखी खाली गेलं होतं. बाबांनी तबली उचलून दारातल्या उजेडासमोर धरली. चांगली पातळ तबली उजेडाला धरली की आतून तांबूस दिसते. ही तांबूस दिसत होती, पण भलतीकडं. जिथं जिथं फुली होती तिथं गडद ठिपका, आणि त्याच्याभोवती उजेड. जिथं काढायला हवं होतं ते सगळं शाबूत, आणि जिथं हात लावायचा नव्हता तिथंच खाल्लेलं. चुकून असं होत नाही. चुकतो तो कुठंही चुकतो. हा मोजून उलटं करत होता.

 बाबांनी तबली जुन्या चादरीत गुंडाळली, मागच्या खोलीत नेली आणि आपल्या खाटेखाली ठेवली. मामा पुढच्या खोलीत झोपायचा. त्यानं ते सगळं बघितलं.

"लाकडाला थंडी वाजते का दाजी आता?" तो म्हणाला.

"काही गोष्टी डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या," बाबा म्हणाले.

आईनं पातेलं जरा आपटूनच खाली ठेवलं. "तुमच्या दोघांच्या तोंडाला सरस लागलाय का? काय ते बोला एकदाचं."

 मामा उठला, खुंटीच्या डोक्यावर टपली मारली आणि पिशवी खांद्याला अडकवून दाराकडं निघाला.

"पिशवीत काय आहे?" बाबांनी विचारलं.

मामा थांबला. आई पडद्यात उभी राहिली.

"काय असणार?"

"असेल ते दाखव."

मामानं पिशवी टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढून ओळीनं मांडली, शाळेत बाईंनी दप्तर तपासावं तशी. एक रिकामा डबा. एक मळका रुमाल. अर्धी तुटलेली कंगवी. अंगात घालायचा एक सदरा, ज्याची काखेतली शिवण उसवली होती. पिशवी उलटी करून झटकली, तर आतून थोडा भुसा पडला.

"भुसा तुमचाच आहे," मामा म्हणाला. "ठेवून घ्या."

"पुलापलीकडं कशाला जातोस?"

"माझी हत्याराची पेटी अडकवून ठेवलीय त्यांनी. मागायला जातो. उद्या या म्हणतात, उद्या गेलं की परवा."

"त्याची पेटी खरंच तिकडंच आहे," आई म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानं."

"हं," बाबा म्हणाले. नुसतं हं. मामानं वस्तू पुन्हा पिशवीत भरल्या. त्या दिवशी तो पुलाकडं गेला नाही. जेवायला बसला, अर्धीच भाकरी मोडली, आणि आईनं दुसरी वाढायला हात पुढं केला तर ताटावर पंजा आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तबली पुन्हा मामापुढं ठेवली, कारण दुसरे हात नव्हते, आणि बाहेर निघताना खुंटीला कोपऱ्यात बोलावलं. शाळेला सुट्टी होती.

"तू इथंच बस. मामा काय करतो ते बघ आणि मला सांग. त्याला कळता कामा नये."

खुंटीनं मान हलवली. तिला आपण मोठे झाल्यासारखं वाटलं. बाबा गेले. ती लाकडाच्या ओंडक्यावर बसून पायांनी भुसा उडवू लागली. थोड्या वेळानं मामा मान वर न करता म्हणाला, "खुंटे, एक सांग. मी नसतो तेव्हा तुझे बाबा या तबलीवर हात फिरवतात का?"

"का?"

"उगाच. बघून ठेव आणि मला सांग. त्यांना नको बोलूस."

आता बघा, मुलांनो, एकाच मुलीला दोन्हीकडचा पहारेकरी नेमलं होतं. तिनं दोघांनाही हो म्हटलं, कारण दोघंही तिचेच होते.

मामानं पाती हातात घेतली. दोन्ही अंगठ्यांनी तिला जराशी वाकवली आणि पुढं रेटली. कीस सुटला. खुंटी बघत राहिली. फुलीजवळ आली की पाती थांबायची, वळायची आणि फुलीला वळसा घालून पलीकडं जायची. वाटेत मांजर झोपलं असेल तर आपण जातो ना, तशी. मामा मधूनच खाली वाकून फुलीवरचा भुसा फुंकरायचा, पुसायचासुद्धा नाही. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला की तो मान मागं घ्यायचा, थेंब लाकडावर पडू नये म्हणून.

एकदा त्यानं तबली दोन बोटांत धरून जाडी चाचपली आणि तो स्वतःशीच पुटपुटला, "आहे जाड आणि म्हणे ठेव. कळत नाही का मला?"

"काय कळतं?" खुंटीनं विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

मामानं पाती खाली ठेवली. "तुझ्या बाबांचा कान या गल्लीत कुणाला नाही. मग असं कसं होईल, की जिथं जाड आहे नेमकं तिथंच ते मला थांबवतात? वाद्य बिघडलं की म्हणायचं, मेहुण्यानं केलं. आणि मेहुण्याला घालवायचं. तेवढं कळतं मला."

तेवढ्यात दारात सावली पडली. गायनाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी आधी भिंतीवरच्या चिरलेल्या वाद्यांकडं पाहिलं, मग टेबलाकडं, मग मामाकडं.

"तुम्ही कारखान्यात होतात ना? मागच्या खेपेला वाद्य तुम्हीच बाहेर आणून दाखवलं होतं."

"होतो."

"मग हे वाद्य कुणाचं समजायचं? त्यांचं की तुमचं?"

"ते बिघडल्यावर ठरेल, बाई," मामा म्हणाला.

बाईंना हा विनोद वाटला नाही. त्यांनी नखानं तबलीच्या कडेला टिचकी मारली, आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उद्या सकाळी येते, पोट जोडायच्या आधी एकदा बघते, असं सांगून त्या निघून गेल्या. त्या समोरच्या टपरीशी थांबल्या. कुलूपवाला त्यांच्याशी काहीतरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही, पण दोघांनीही एकदम या दाराकडं वळून बघितलं.

मामा पुन्हा कामाला लागला. त्याचा हात आता जरा जोरात चालत होता. खुंटी उठून टेबलापाशी आली आणि तिनं तबलीवर बोट टेकवलं. बोट नेमकं एका फुलीवर पडलं.

"हां हां, फुलीवर नको," मामानं तिचा हात अलगद बाजूला केला. "फुली म्हणजे तिथं हात लावायचा नाही. कारखान्यात फुलीवर पाती गेली तर माणसाला त्याच पावली घरी पाठवायचे. माझ्या शेजारच्याला पाठवलं होतं. बाहेर उभा राहून रडला बिचारा."

खुंटीला ते पटलं. शाळेत बाई वहीवर फुली मारायच्या, म्हणजे तेही नकोच असायचं.

संध्याकाळी बाबा आले. तबली पाहिली आणि त्यांचा चेहरा लाकडासारखा झाला. त्यांनी खुंटीला मागं नेलं आणि तिच्यापुढं बसले.

"काय बघितलंस?"

"मामा फुल्यांना हातसुद्धा लावत नाही, बाबा. फुंकर मारतो. इतका जपतो त्यांना." तिला वाटलं, हे चांगलंच सांगतोय आपण.

"तेच," बाबा म्हणाले. "मला तेच ऐकायचं होतं. जपतो. बघितलंस ना स्वतःच्या डोळ्यांनी?"

"मग काय करायला पाहिजे त्यानं?"

"फुली मारलीय म्हणजे काय करायला पाहिजे? आपल्याकडं तुझ्या आजोबांपासून तेच आहे. फुली म्हणजे इथं जाड आहे, इथलं काढ. फुली दिसेनाशी झाली की काम झालं. पोरगी असून तुला कळतं, त्याला कळत नाही?"

खुंटीला ते कळत नव्हतं. ते तिला आत्ताच सांगितलं गेलं होतं. तिनं तोंड उघडलं, पण बाबा उठूनही गेले होते. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला. बारीक, दाबलेला, म्हणून जास्तच ऐकू येणारा.

"उद्या बाई आल्या की त्यांच्यासमोर सगळं सांगायचंय मला. मग तू निघ."

"निघतो," मामाचा आवाज आला. "पण मीही सांगणार, कुणी बिघडवलं ते."

आई दोघांच्या मधे उभी राहिली आणि तिनं दिवा लावला, बाहेर अजून उजेड होता तरी. "आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशीपोटी भांडलात तर उद्या परत भांडावं लागेल." कुणी हसलं नाही. बाबा एकीकडं तोंड करून जेवले, मामा दुसरीकडं.

खुंटीला सांगायचं होतं. पण मामाचं बोलणं बाबांना सांगायचं नव्हतं, आणि बाबांचं मामाला. दोघांनाही तिनं हो म्हटलं होतं. शिवाय आता कुणी काही म्हटलं तरी दुसरा त्यात खोट काढेल हे तिला दिसत होतं. आई मधे बोलली तर ती भावाची होते. आपण बोललो तर आपल्याला कुणीतरी शिकवून ठेवलंय असं होईल. ती अंथरुणात पडून त्या दोन फुल्यांचा विचार करत राहिली, करता करता झोपली.

सकाळी मामाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बाबांनी तबली खाटेखालून काढून टेबलावर मांडली होती. वारा फटींमधून शिट्टी वाजवत होता. बाई यायच्या होत्या. दोघंही पुढच्या खोलीत उभे होते आणि कुणीही बसत नव्हतं.

खुंटीनं टेबलाखालून कापून उरलेले लाकडाचे दोन तुकडे उचलले. टेबलावरची पेन्सिल घेतली आणि दोन्ही तुकड्यांच्या मध्यावर एकेक फुली मारली. सारखीच. मग एक तुकडा बाबांच्या पुढ्यात ठेवला, दुसरा मामाच्या.

"काय चाललंय?" बाबा म्हणाले.

"मला शिकायचंय. दोघांनी खरवडून दाखवा."

"आत्ता?"

"मामा जाणारच आहे ना? मग कधी दाखवणार?"

मामाला ते लागलं. त्यानं पाती उचलली. बाबांनी दुसरी उचलली, कारण मामानं उचलली होती. बाबांना ती धरवत नव्हती. वाकत नसलेला अंगठा मधेच येत होता. त्यांनी ती डाव्या तळव्यानं दाबली, दात आवळले, एकदा पाती निसटून टेबलावर आदळली. आई पडद्यातून पुढं आली आणि जागच्या जागी थांबली. मामाच्या पातीखालून मात्र लांब, अखंड कीस निघत होता.

"झालं," मामा म्हणाला.

"माझंही," बाबा म्हणाले. त्यांच्या बोटाच्या कडेतून रक्त येत होतं.

खुंटीनं दोन्ही तुकडे उचलून शेजारी शेजारी ठेवले. बाबांच्या तुकड्यावर फुली नव्हती, तिथं एक उथळ खळगा होता. मामाच्या तुकड्यावर फुली होती, लहानशा टेकाडावर उभी, आणि भोवतीचं सगळं लाकूड खाली गेलेलं.

मग ती दोन पावलं मागं सरकली. 

बाबांनी मामाचा तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू खालून कुठून तरी फसवणूक निघेल. मग फुलीवर बोट फिरवलं.

"तुमच्याकडं फुली म्हणजे..." ते म्हणाले.

"हात नाही लावायचा," मामा म्हणाला. "आणि तुमच्याकडं?"

"काढायचं."

"मग सांगितलं का नाही?"

"तूच म्हणालास कळतात म्हणून."

"तुम्हीच विचारलंत तसं."

आई मटकन ओंडक्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की रडत होती ते पदराआड कळलं नाही.

दोघं अजून एकमेकांकडं बघत नव्हते. इतके दिवस मनात साठलेलं असं एका झटक्यात निघत नाही. मामाची पिशवी दाराशीच होती. बाबांनी बोट तोंडात धरलं होतं आणि ते तबलीकडं बघत होते. मग त्यांनी ती उचलली, उजेडाला धरली. गडद ठिपके, भोवती तांबूस उजेड. त्यांनी बोटाच्या पेरानं मध्यावर टकटक केली, कान लावला, आणि पुन्हा केली.

"संपली का?" मामानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"जाड आहे तिथं अजून जागा आहे. ती खाली आणली तर भोवतीचं कदाचित सांभाळून घेईल. आतून दोन पट्ट्या जास्त लावाव्या लागतील." बाबा थांबले. "कदाचित म्हणतोय. खात्री नाही."

"खुणा करा."

बाबांनी पेन्सिल उचलली आणि हात तबलीवर नेला, आणि तो तिथंच थांबला. काय मारणार? फुली मारावी तर ती कुणाची? मामाही काही सुचवेना. काय सुचवलं तरी त्यात आपला कारखाना दिसेल, असं त्याला वाटलं असावं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मामानं ती उचलली नाही.

बाहेर कुलूपवाल्यानं बाईंना नमस्कार केल्याचा आवाज आला. त्या येत होत्या.

तेव्हा खुंटीनं पेन्सिल घेतली. ती टेबलाजवळ ओंडका ओढून त्यावर गुडघ्यांवर बसली. बाबांना म्हणाली, "तुम्ही वाजवा." बाबांनी टकटक केली. आवाज दबला तिथं तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. तिनं तिथली जुनी फुली अंगठ्यानं पुसली आणि शाळेत शिकवलेल्या अक्षरांत, जीभ बाहेर काढून, 'घे' लिहिलं. मग पुढच्या ठिकाणी. तिथंही 'घे'. मामा वाकून बघत होता. त्यानं पाती हातात घेतली होती, पण अजून लाकडाला लावली नव्हती.

मग टकटक भोवतीच्या खाल्लेल्या लाकडावर आली. तिथला आवाज पोकळ होता, पातळ, एखाद्या आजारी माणसासारखा. बाबांनी मान आडवी हलवली. खुंटीनं पेन्सिल अगदी हलकी धरली, टोक रुतू नये म्हणून, आणि श्वास रोखून तिथं लिहिलं, 'नको'.